अर्ध्या जबड्याचं गणित

"तुम्ही नोकरीत असताना नेमकं काय करायचात?" असं कुणी विचारलं की मी "इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते" एवढं सांगून विषय संपवते. खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग, ही बाई आपली फिरकी घेतेय की काय, अशा नजरेनं बघतो. खरं उत्तर असं : नव्वदच्या दशकात धुळ्यातल्या एका कॉलेजच्या वर्कशॉपशेजारच्या खोलीत बसून मी मुलामुलींचे खालचे जबडे पुढे सरकवत होते. हातानं नव्हे, कॉम्प्युटरवर. या अंकाच्या संपादकबाईंनी "एखादा वेगळा अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा मी दोन आठवडे टाळाटाळ केली. कारण तो अनुभव सांगायचा तर त्यातली माझी चूकही सांगावी लागणार. पण आता ना बढतीची आशा, ना बदलीची भीती. सांगून टाकते.

मी मेकॅनिकलची. आमच्या विभागात तेव्हा मी एकटीच बाई. रुजू झाले त्या दिवशी तीन जणांनी मला सांगितलं की लेथवर साडीचा पदर सांभाळा. मला लेथ चालवता येतो का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. विभागात पहिला जरा दमदार कॉम्प्युटर आला तेव्हा तो माझ्या खोलीत ठेवला गेला. माझ्या हुशारीमुळे नाही. इमारतीत न गळणारं छत तेवढं एकच होतं.

कॉम्प्युटर आल्याची बातमी पसरली आणि गिऱ्हाइकं यायला लागली. नशिराबादचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नासाठी दोन कुंडल्या घेऊन थेट माझ्या दारात. मी म्हटलं, "काका, हा कुंडली बघत नाही. हा लोखंड कुठे तुटेल ते सांगतो." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "लोखंडाचं सांगतो, तर माणसाचं सांगायला त्याला काय जड आहे?" खरी कामंही यायची. कडबा कापायच्या यंत्राचा दांडा दर हंगामात एकाच जागी का तुटतो, पाण्याच्या टाकीचा स्टँड किती वजन पेलेल, असली. माझं नाव थोडंफार झालं. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

आणि एका गुरुवारी डॉ. महाजन आले. दात सरळ करणारे डॉक्टर. दवाखाना जळगावला, दर गुरुवारी धुळ्याला येऊन एका ओळखीच्या दवाखान्यात पेशंट बघायचे. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. त्यांनी कापडी पिशवीतून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली, उलगडली, आणि माझ्या टेबलावर एक खराखुरा मानवी जबडा ठेवला. शिकत असतानाच्या हाडांच्या पेटीतला.

"मॅडम, याला पुढे ओढलं तर जोर नेमका कुठे येतो, हे तुमचा कॉम्प्युटर सांगेल का?"

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. काही मुलांचा खालचा जबडा वरच्याच्या मानानं मागे राहतो. हनुवटी आत, वरचे दात पुढे. नुसतं दिसण्याचं दुखणं असतं तर गोष्ट वेगळी. पण जबडा फारच मागे असेल तर खालचे पुढचे दात वरच्या दातांना भेटतच नाहीत, ते टाळूत जाऊन रुततात. यावर डॉक्टर दोन ठोकळ्यांची प्लेट देतात, एक वरच्या दातांवर आणि एक खालच्या. ठोकळ्यांना उतार असतो. तोंड मिटताना खालचा ठोकळा वरच्याच्या उतारावरून घसरतो, आणि जबडा पुढे आणल्याशिवाय तोंड मिटतच नाही. गालाचे स्नायू त्याला मागे खेचत राहतात. ही ओढाताण महिनोन् महिने, जेवतानासुद्धा, चालू राहिली की कानापुढच्या सांध्यात वाढीला इशारा मिळतो आणि जबडा नव्या जागी स्थिरावतो. किती हाड वाढतं आणि किती नुसते दात सरकतात, यावर डॉक्टर लोक तेव्हाही भांडायचे आणि अजूनही भांडतात. डॉ. महाजनांना त्यांच्यापुरतं उत्तर हवं होतं. किती मिलिमीटर पुढे आणलं की सांध्यावर किती भार येतो?

माझं काम असं. जबड्याचे कॉम्प्युटरमध्ये छोटे छोटे तुकडे पाडायचे, विटांची भिंत असावी तसे. प्रत्येक विटेच्या प्रत्येक कोपऱ्याची जागा मोजून टाइप करायची. हाड किती कडक, दात किती, सांध्यातली गादी किती मऊ, तेही सांगायचं. मग स्नायूंचा जोर लावून यंत्राला विचारायचं, कुठली वीट किती दबली? तीन-चार तासांनी, मध्ये वीज गेली नाही तर, पडद्यावर रंगीत जबडा उमटायचा. निळा म्हणजे आराम, लाल म्हणजे ताण.

मोजमापं मी आमच्या लॅबमधल्या ग्रॅनाइटच्या टेबलावर जबडा ठेवून घेतली. दोन महिने लागले. लॅबचे शिपाई शंकरनाना ते टेबल पुसायला तयार होईनात. "बाकी बठ्ठं पुससू मॅडम, त्याले हात लावसाव नही." पण दसऱ्याला वर्कशॉपची पूजा झाली तेव्हा लेथ, ड्रिल, वजनकाटा यांच्या रांगेत माझ्या जबड्यालाही हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाले, "तो बी कामच करी राहिना ना?" तेव्हापासून टेबल पुसलं जाऊ लागलं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी मॉडेल अर्ध्याच जबड्याचं केलं होतं. आमच्या धंद्यात ही लबाडी समजली जात नाही, उलट शहाणपणा समजला जातो. वस्तू दोन्हीकडून सारखी असेल तर निम्मीच सोडवायची; उरलेली निम्मी तशीच असणार. पूर्ण जबडा आमच्या यंत्राच्या स्मरणात मावतच नव्हता, निम्म्यातच त्याला धाप लागायची. म्हणून मधोमध कापून मी फक्त डावी बाजू ठेवली. विद्यार्थ्यांना हेच शिकवायची आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही काढायची.

मॉडेल बेतशीर चाललं. डॉक्टर गुरुवारी पेशंट संपवून यायचे, मी आकडे दाखवायची, ते वहीत उतरवून घ्यायचे. कधी कधी मीही त्यांच्या दवाखान्यात जाऊन कोपऱ्यात बसायची. एकदा जामनेरहून एक आबा नातवाला घेऊन आले. केळीचे मोठे बागायतदार, पांढरंशुभ्र धोतर. नातू बावीस वर्षांचा, लग्नाचा. "याची हनुवटी पुढे काढा, दोन स्थळं हुकली," म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं की वाढ संपली, आता प्लेटनं काही होणार नाही. हे काम दहा ते तेरा-चौदाच्या वयातच. आबांनी पोराची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग नातवाला म्हणाले, "मिशा वाढव. तुझ्या पणज्यानं तेच केलं होतं." सगळे हसले, नातूसुद्धा. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की या कामाला मुदत असते. यंत्राचा दांडा पुढच्या हंगामातही बदलता येतो.

रत्ना आली ती पुढच्या मे महिन्यात. सोनगीरजवळच्या खेड्यातली, सातवी पास झालेली, बारा वर्षं सरलेली. सोबत आई, सुमनबाई. वडील शेतीत. रत्ना बोलताना ओठावर हात ठेवायची. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि मला बोलावून दाखवलं. टाळूवर खालच्या दातांचे खड्डे पडले होते, दोन ठिकाणी जखम. सुमनबाई म्हणाल्या, "भाकर दूधमा मोडीसन देस मी तिले. रोज. कोरडी भाकर तिनी दोन वरीसमा खादी नही."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिच्या हातात फार तर वर्ष-दीड वर्ष आहे. वाढीचा जोर आत्ताच आहे. हे हुकलं तर पुढे मुंबईला नेऊन जबडा कापून पुढे बसवावा लागेल, आणि हे लोक तिथवर जाणार नाहीत." म्हणजे आता साधलं तर साधलं. माझ्या मॉडेलवरून पुढचा अंदाज करून दिलेली ही पहिलीच प्लेट असणार होती. मी एका परिषदेला निबंध पाठवला होता, त्यात हिचीच केस घालायचं मनात ठरवूनही टाकलं.

प्लेटसाठी दोन गोष्टी लागतात : दातांचे प्लास्टरचे ठसे, आणि मेणाचा चावा. मेणाची नाल कोमट पाण्यात मऊ करून मुलाच्या तोंडात ठेवायची आणि जबडा हवा तितका पुढे आणून चावायला लावायचं. त्या मेणावरून प्लेट बनवणाऱ्याला कळतं, जबडा कुठे हवाय. डॉक्टरांनी चावा घेतला, ठशांमध्ये बसवून रबरानं बांधला आणि मला दिला, मोजून घ्या म्हणून. म्हणाले, "मोजलंत की तसाच परत ठशांमध्ये बांधा आणि जळगावला लॅबला पाठवा. आणि थंड ठेवा." ते दुसऱ्या दिवशी लग्नाला नाशिकला जाणार होते.

मी मोजलं. साडेसहा मिलिमीटर पुढे, दोन्हीकडे सारखं. सगळं नीट लिहून घेतलं. मग पेटी बांधताना माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. रस्ता खड्ड्यांचा, ठसे प्लास्टरचे. चावा मध्ये ठेवून रबरानं ताणून बांधला तर हादऱ्यांनी एखादा दात तुटेल. म्हणून मी चावा बाहेर काढला, कापसात गुंडाळला आणि पेटीत वेगळा ठेवला. केवढी ती काळजी! आणि दुपारी साडेबाराच्या धुळे-जळगाव गाडीच्या ड्रायव्हरकडे पेटी दिली, जळगाव स्टँडवर लॅबचा माणूस घेईल असं सांगून. ड्रायव्हर म्हणाला, "ठेवा बॉनेटवर, माझ्या नजरेसमोर राहील." मी निर्धास्त झाले.

खानदेशातला मे महिना, दुपारची वेळ, एस.टी.च्या इंजिनाचं झाकण आणि मेण. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं आणि रागही येतो. तेव्हा मात्र मी घरी जाऊन पन्हं पिऊन झोपले.

जूनमध्ये प्लेट बसली. तीन आठवड्यांत रत्नाचे खालचे दात टाळूपासून सुटले, जखमा भरल्या. सगळे खूश. जुलैत सुमनबाई सांगू लागल्या की पोरीचं कानाजवळ दुखतं. डॉक्टरांनी तपासलं. दातांची मधली रेघ जराशी सरकलेली वाटली, पण अशी रेघ पुष्कळांची सरकलेली असते. तरी ते माझ्याकडे आले आणि सरळ विचारलं, "सांध्यावर भार जास्त तर होत नाही ना? तुम्ही म्हणत असाल तर मी प्लेट थोडी मागे घेतो."

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. सांधा निळा, कुठे कुठे हिरवट. मी म्हटलं, "डॉक्टर, सुरक्षित मर्यादेच्या निम्माही भार नाही. सवयीचा प्रश्न आहे."

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. रत्नाला सांगितलं गेलं, सहन कर, होईल सवय. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पोरगी शाळेत प्लेट घालायची, भाकर पुन्हा दुधात मोडून खायला लागली, या खेपेला दुखण्यामुळे. ते मला कळलं नव्हतं. मी निबंधाच्या आकृत्या रंगवत होते.

घटस्थापनेच्या आधीच्या गुरुवारी सुमनबाई रत्नाला घेऊन थेट माझ्या खोलीत आल्या. डॉक्टर उशिरा येणार होते. म्हणाल्या, "मॅडम, डॉक्टरसाहेब म्हनतस, मशीनमा बठ्ठं बरोबर दिसस. माले देखाडा ना. मंग मी बी पोरले रागे भरसू."

मी उत्साहानं दाखवलं. रंग समजावून सांगितले. सुमनबाई पुढे वाकून बघत राहिल्या, मग पडद्याच्या बाजूनं डोकावल्या, जणू मागे काही राहिलंय.

"हाई तं अर्धंच तोंड शे. दुसरं अर्धं कोठे शे?"

"दुसरी बाजू अगदी अशीच असते, ताई. म्हणून काढत नाही."

"अशीच कशी? मनी पोरले तं एकच बाजूले दुखस."

मी रत्नाकडे बघितलं. "कुठल्या बाजूला गं?"

तिनं उजव्या कानापुढे बोट ठेवलं.

पडद्यावर डावी बाजू होती. तीन महिने मी डॉक्टरांना, आणि डॉक्टर या मायलेकींना, जी बाजू दुखत नव्हती ती दाखवून सगळं ठीक आहे म्हणून सांगत होतो. एकच कान दुखतोय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय आहे. पण मी विचारलंही नव्हतं. माझ्या मॉडेलमध्ये तो प्रश्नच नव्हता.

डॉक्टर आले. मी त्यांना काही न सांगता रत्नाचे ठसे मागितले. नशिबानं ते त्यांच्या पेटीत होते. प्लेट ठशांवर चढवली, ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवली आणि मोजली. डावीकडे पाच, उजवीकडे साडेआठ. मे महिन्यात मोजलेला चावा साडेसहा आणि साडेसहा होता, माझ्याच अक्षरात. डॉक्टरांनी लॅबला फोन लावला. लॅबवाल्याला आठवत होतं : "मेण जरा वाकडं आलं होतं साहेब, ठशात बसेना, मी दाबून बसवलं. तुम्ही नव्हता, विचारणार कुणाला?" मेण कापसात सुटं होतं, हेही त्यानं सांगितलं.

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी चावा वेगळा बांधला होता. मी तो दुपारच्या गाडीनं पाठवला होता. आणि इतकं होऊनही पूर्ण जबडा काढला असता तर उजवा सांधा लाल दिसला असता का? तेही नाही, कारण यंत्राला मी मेण वाकडं होण्याआधीचे आकडे दिले होते. कुणाच्याच तोंडात नसलेल्या एका प्लेटचं सुंदर गणित मी सोडवत बसले होते. मला फार लाज वाटली. डॉक्टर चांगले, ते म्हणाले, "रेघ सरकलेली मला दिसली होती. चूक माझीही आहे." पण ते माझ्या आकड्यांवर विसंबले होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सुमनबाईंना सगळं सांगायचं काम मी केलं. पदराशी चाळा करत त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ती रडे मॅडम, तवय मी तिले मारं. दोनदा मारं. तुम्ही म्हनेत म्हनीसन."

नवी प्लेट करायची ठरली. या खेपेला डॉक्टर स्वतः ठसे आणि चावा मांडीवर घेऊन जळगावला जाणार होते. पण रत्नानं तोंडच उघडलं नाही. आई विनवून थकली, डॉक्टरही थकले. मी पुढे होऊन म्हटलं, "रत्ना, आता नाही दुखणार. मी सांगते ना."

ती पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "पहिले बी तुम्हीच सांगं व्हतं. तुम्ही घालीसन देखा ना."

सुमनबाईंनी तिला गप्प करायला हात उचलला. मी तो धरला. म्हटलं, "बरोबर बोलतेय ती."

डॉक्टरांना माझी कल्पना मुळीच पसंत नव्हती. मी चाळिशीकडे झुकलेली, जबडा जागेवर असलेली बाई. शेवटी तीन मिलिमीटर आणि फक्त पंधरा दिवस, एवढ्यावर ते राजी झाले. पुढच्या गुरुवारी माझ्या तोंडात ठोकळे बसले.

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी तासाला उभी राहिले आणि "स्ट्रेस" म्हणताना समोरच्या रांगेवर तुषार उडाले. मागच्या बाकावर हसू पिकलं, आणि मीही हसले, तर लाळ गळली. दुसऱ्या दिवशी गाल असे भरून आले, जसे कुणी रात्रभर चणे चावायला लावले असावेत. ठोकळ्यांनी ज्वारीची भाकरी चावली की ती खळीसारखी चिकटते, जिभेनं काढू म्हणता निघत नाही, आणि चारचौघांत तोंडात बोट घालायचं कसं, हा प्रश्न पडतो. वर्षभराहून जास्त काळ मी ज्या वस्तूचं गणित मांडलं होतं तिच्यात जेवण नव्हतं, लाळ नव्हती, शाळा नव्हती. चौथ्या दिवशी मी चिडून ती काढून डब्यात टाकली. मग आठवलं की बारा वर्षांची मुलगी वाकडी प्लेट मार खात खात चार महिने घालत होती. मी ती पुन्हा चढवली.

दुसऱ्या गुरुवारी रत्ना आली ती तपासणीलाच आल्यासारखी. सुमनबाईंनी डबा आणला होता, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. रत्ना समोर बसली. म्हणाली, "खा." मी खाल्लं. ठेच्यानं नाका-डोळ्यांतून पाणी, भाकरी ठोकळ्यांना चिकटलेली, आणि ती एकटक बघतेय. पाणी प्यायले तर हनुवटीवरून ओघळलं. तिनं पुढे वाकून हळूच सांगितलं, "मॅडम, एक बाजूले घास नका ठेवू. जिभवरी मधमा आना, मंग चावा. पानी प्यानं आधी आवंढा गिळा." मी तसं केलं. जमलं. चार महिन्यांत ती हे सगळं एकटीनं शिकली होती.

त्या दिवशी तिनं तोंड उघडलं.

पुढचं वर्षभर मी दर गुरुवारी तिची मोजणी स्वतः घेतली, दोन्ही बाजूंची. पहिला प्रश्न आकड्याचा नाही, "कुठे दुखतंय" हा विचारायची. परिषदेचा निबंध मागे घेतला. पूर्ण जबड्याचं मॉडेल पुढे केलं, विटा मोठ्या करून, बरंच ओबडधोबड. त्यात रंग तितके देखणे येत नसत. डॉ. महाजनांचा माझ्यावरचा विश्वास उडाला नाही, पण ते आकडे वहीत उतरवण्याआधी "मॅडम, हे कुठल्या बाजूचं?" असं विचारायला लागले. मला दर वेळी ते टोचायचं, आणि टोचायलाच हवं होतं.

वेळ मात्र परत आली नाही. ज्या चार महिन्यांत वाढीचा जोर सगळ्यात जास्त होता ते वाकड्या प्लेटमध्ये गेले. पुढच्या दिवाळीआधी डॉक्टरांनी शेवटची मोजपट्टी लावली. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं मूळचं अंतर अकरा मिलिमीटर होतं, पाचवर आलं होतं. तीनवर यायला हवं होतं. पण दात टाळूला लागत नव्हते, आणि रत्ना कोरडी भाकर कांद्याबरोबर कडाकडा चावून खात होती. सुमनबाईंनी डॉक्टरांच्या हातावर पेढे ठेवले, माझ्याही ठेवले. माझ्या हातावर ठेवताना त्या थांबल्या नाहीत, याचं मला फार वाटलं.

निघताना रत्ना मागे रेंगाळली. आता ती ओठावर हात न ठेवता बोलत होती. आई जिना उतरायला लागल्यावर तिनं माझं मधलं बोट धरलं, आपल्या उजव्या कानापुढे ठेवलं आणि तोंड हळूच उघडलं, मिटलं. बोटाखाली, सांध्यात, काहीतरी बारीक कट् वाजलं. पुन्हा उघडलं, पुन्हा वाजलं.

"दुखतं?" मी विचारलं.

"नही." मग ती हसली, सगळे दात दाखवून, मोकळेपणानं. "डॉक्टरसाहेबले सांगं नही मी. हाई तुमनं शे."

आणि आईमागोमाग धडधड जिना उतरून गेली.